काटा हलतोय का ते आधी बघा

रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि मी सात नंबर बेडच्या आजींची सलाईन मोजत होते. मोजत होते म्हणजे थेंब. ५०० मिलीची बाटली ८ तासांत जायची असेल तर साध्या सेटमधून, म्हणजे ज्याचे २० थेंब मिळून १ मिली होतं त्या सेटमधून, मिनिटाला साधारण २१ थेंब पडायला हवेत, हे गणित इतक्या वर्षांनी बोटांतच बसलंय. एक नजर चेंबरवर, एक मनगटावर. आणि मोजता मोजता लक्षात आलं की थेंब नीट पडताहेत पण सेकंद काटा नीट पडत नाहीये. तो थांबतो, थांबतो, थांबतो आणि मग एकदम चार घरं उडी मारतो. परत थांबतो. परत चार घरं.

आधी वाटलं झोपेनं डोळे चुकताहेत. शेजारच्या ज्युनिअर सिस्टरला दाखवलं तर ती म्हणाली, "ताई, तुमच्या घड्याळाला उचकी लागलीय." पण वेळ मात्र बरोबर होती, वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितली, मिनिटाचाही फरक नाही.

ही उचकी म्हणजे खरंतर घड्याळाचं आपल्याशी बोलणं असतं आणि ते फार कमी लोकांना माहितीय म्हणून सांगते. बऱ्याच क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळांत सेलचं व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की आतली चिप ते ओळखते आणि सेकंद काट्याला दर सेकंदाला एक घर ढकलण्याऐवजी दोन सेकंदांनी दोन घरं किंवा चार सेकंदांनी चार घरं असं ढकलायला लागते. तास-मिनिटं बिघडत नाहीत, फक्त चाल बदलते, म्हणजे मी आता संपत आलेय, सेल बदला. घड्याळाबरोबर येणाऱ्या छोट्या पुस्तिकेत हे छापलेलं असतं आणि ती पुस्तिका आपण डब्यातून बाहेर काढत नाही.

त्या रात्री मी पल्स पूर्ण एक मिनिट मोजली. एरवी १५ सेकंद मोजून चारनं गुणायची सवय असते, पण चार-चारच्या उड्यांत १५ कुठे पकडणार. पुढे काही दिवस असंच चाललं आणि मग एका पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी ते थांबलं.

आता कुणी म्हणेल एवढं काय त्या घड्याळात, नवीन घे. त्याचं उत्तर एकदा मनापासून द्यायचंच होतं मला. दुकानात बायकांची घड्याळं बघा कधीतरी. डायल गुलाबी, डायल मोत्याचा, बाराच्या जागी एक खडा, सहाच्या जागी एक खडा आणि मधे काही नाही, आकडे नाहीत, मिनिटांच्या रेघा नाहीत आणि बहुतेकांना सेकंद काटाच नाही! दोन काट्यांचं घड्याळ. आमच्यासारख्या बाईनं काय करायचं त्याचं? मोबाईल आहे की, म्हणतात. अहो, एका हातात पेशंटचा हात आणि दुसऱ्यात हातमोजा, मोबाईल कुठे धरू, आणि वॉर्डात हातात घेतलेला मोबाईल परत पर्समध्ये, पर्समधून घरी पोरांच्या हातात, हे मला पटत नाही. म्हणून माझं घड्याळ मी पुरुषांच्या काउंटरवरून घेतलेलं, लहान साईजचं, पांढरी डायल, काळे ठळक एक ते बारा, साठच्या साठ रेघा आणि लाल सेकंद काटा. अंधारात बेडलॅम्पच्या उजेडातही दिसतो. असं पुन्हा सापडायला मला किती दुकानं फिरावी लागतील ते मला माहितीय, कारण मागच्या वेळी फिरलेय.

तर स्टँडजवळच्या एका स्टॉलवर सेल बदलून घेतला. पाच मिनिटांचं काम. त्यानं झाकण उघडलं, जुना सेल काढला, सेलच्या जागी थोडं पांढरट काहीतरी दिसलं मला, मी म्हटलं ते पुसून घ्या की, आणि त्याच्याकडे काही दिसेना म्हणून मीच पर्समधला स्पिरिटचा कापूस दिला. त्यानं पुसलं, नवा सेल बसवला, काटा टक टक पळायला लागला, मी पैसे दिले आणि एसटी पकडली. या कापसाकडे परत येते.

अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी बंद. परत गेले, त्यानं न कुरकुरता दुसरा सेल टाकून दिला, पैसेही घेतले नाहीत, चांगला माणूस आहे. चार दिवस चाललं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मशीन गेलंय. मशीन बदला, अडीचशेत नवीन जपानी टाकून देतो."

मशीन गेलंय. हे वाक्य ऐकून मी घड्याळ परत घेतलं आणि घरी आले. राग त्याच्यावर नव्हता. त्याचं गणित बरोबर आहे, मियोटा २०३५ सारखं एक तयार मशीन, जे जगभर लाखो साध्या घड्याळांत बसतं, ते एवढं स्वस्त मिळतं की जुन्यात काय बिघडलंय ते शोधायला बसलेल्या तासाभराची मजुरी त्याहून जास्त होते. पण मला तीस वर्षं जे शिकवलं गेलं आणि मी पोरींना जे शिकवते ते असं की आधी बघा. काय बंद आहे, काय चालू आहे, कधीपासून, कशानंतर. "गेलं" हा शब्द सगळ्यात शेवटी. आणि इथे तर कुणी बघितलंच नव्हतं, दोन वेळा सेल बदलला होता फक्त.

म्हणून त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी घड्याळ टेबलावर ठेवलं, चष्मा चढवला आणि नुसतं बघत बसले.

आणि काटा हलत होता! पुढे जात नव्हता, पण लाल काटा बेचाळिसाव्या रेघेवर जागच्या जागी थरथरत होता, थोडासा पुढे, परत मागे. पंधरा मिनिटं मी तो बघितला. माझा भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, त्याला बोलावलं, म्हटलं बाळा मीटर घेऊन ये. त्याच्याकडे घड्याळाचं झाकण उघडायची छोटी पातीही होती. (किचनमधल्या सुरीनं कृपा करून उघडू नका, सुरी झाकणावरून सटकते आणि अंगठ्याच्या मुळाशी घुसते, ते टाके कॅज्युअल्टीत आम्हीच धरून असतो.) झाकणाच्या कडेला एक बारीक खाच असते, पाती तिथेच लावायची, ढकलायचं नाही, पिरगळायचं.

सेल प्लास्टिकच्या चिमट्यानं काढला. धातूच्या चिमट्यानं दोन्ही बाजू एकदम धरल्या तर सेल शॉर्ट होतो. त्यावर कोरलं होतं एसआर६२६एसडब्ल्यू. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साईड, ६२६ म्हणजे साधारण ६.८ मिलीमीटर रुंद आणि २.६ मिलीमीटर जाड. याच आकाराचा एलआर६२६ पण मिळतो, तो अल्कलाईन, स्वस्त, आणि बसतोही बरोबर, म्हणूनच गोंधळ होतो. फरक असा की सिल्व्हर ऑक्साईडचा सेल आयुष्यभर १.५५ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो, अल्कलाईन पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो. घड्याळाला पहिला स्वभाव मानवतो. भाच्यानं मीटर लावलं, लाल तार सपाट मोठ्या बाजूला, काळी छोट्या बाजूला. १.५५. सेल ठणठणीत. म्हणजे त्याआधीचाही बहुतेक ठणठणीतच असणार आणि आपण तो कचऱ्यात टाकला.

इथे थोडं आतलं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही, आणि मला ते इतकं आवडलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मधुमेहाच्या पेशंटच्या पायाची संवेदना तपासताना डॉक्टर एक नादकाटा वापरतात, दोन बोटांचा, ठोकला की सेकंदाला १२८ वेळा थरथरतो, तो अंगठ्याच्या हाडावर टेकवून विचारतात, झिणझिण लागते का. घड्याळाच्या आत अगदी तोच आकार आहे. क्वार्ट्झचा, म्हणजे स्फटिकाचा, दोन बोटांचा नादकाटा, तांदळाच्या दाण्याहून बारीक, हवा काढून टाकलेल्या एका छोट्या नळीत बंद केलेला. स्फटिकाला दाबलं की त्यात वीज उमटते हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं, आणि उलटही खरं, वीज दिली की तो थरथरतो. घड्याळातला सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा का, तर तो निम्मा निम्मा करत पंधरा वेळा भागला की बरोब्बर एक उरतो. चिप तेवढंच करते, पंधरा वेळा निम्मं, आणि सेकंदाला एक ठोका बाहेर पाठवते. मी कागदावर भागून बघितलं. सात पायऱ्या खाली एक २५६ येतो, आठव्या पायरीवर आमच्या ओपीडीतला १२८ येतो! मला त्या रात्री खरंच खूप आनंद झाला, का ते नीट सांगता येणार नाही.

तो ठोका मग एका कॉइलमध्ये जातो, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि तिच्यासमोर एक इवलंसं चुंबकाचं चाक असतं. एका ठोक्याला ते चाक अर्धी फेरी फिरतं, पुढचा ठोका उलट्या दिशेचा येतो, परत अर्धी फेरी. त्या चाकाला दातेरी चाकं लागलेली, त्यांना काटे. एवढंच. सगळं मिळून वीज किती खातं तर साधारण एक मायक्रोअँपिअर, म्हणून तो मसुराएवढा सेल तीन वर्षं पुरतो.

आता परत माझ्या थरथरणाऱ्या काट्याकडे या. काटा थरथरतोय याचा अर्थ ठोका येतोय. ठोका येतोय म्हणजे सेल आहे, स्फटिक थरथरतोय, चिप भागतेय, कॉइल तुटलेली नाही. सगळं इलेक्ट्रिकचं जिवंत आहे. चाक फिरायला जातं, कशाला तरी अडतं, अर्धी फेरी पुरी होत नाही आणि परत मागे येतं. म्हणजे दुखणं विजेचं नाही, चाकांचं आहे. कुठेतरी काहीतरी अडकलंय. काटा मेल्यासारखा निपचित असता आणि सेल चांगला असता, तर मग कॉइल, सर्किट असा संशय घ्यायचा.

भाच्याचा हात शिवशिवायला लागला होता, मावशी मी खोलू का आत. मी नाही म्हटलं. स्क्रूड्रायव्हर कॉइलवर एकदा सटकला की ती तार तुटते आणि मग मशीन खरंच जातं. आपल्याला कुठपर्यंत येतं ते कळलं की तिथे थांबायचं आणि ज्याला येतं त्याच्याकडे न्यायचं.

आमची मिरज दवाखान्यांची आणि तंतुवाद्यांची. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत टाकलेले असतात, २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावाला कोण आनंद. त्याच भागात एक काका घड्याळं दुरुस्त करतात, पाठीमागे लाकडी कपाट, त्यात एचएमटीच्या जुन्या चावीच्या घड्याळांचे सुटे भाग औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेले. एचएमटीनं १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझनशी करार करून घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि मग कितीतरी वर्षं देशाचं मनगट तेच, रोज सकाळी चावी द्यायची. जपानात सेइकोनं १९६९ च्या नाताळात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, किंमत साडेचार लाख येन, तेव्हा त्या पैशात छोटी मोटार यायची. आपल्याकडे क्वार्ट्झ घरोघरी पोचलं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला, टायटननं होसूरहून घड्याळं काढली त्यानंतर. काकांनी हे सगळं हातांनी बघितलंय, म्हणजे चावीवाल्या घड्याळांची गर्दी कशी ओसरली आणि दुरुस्तीचं काम म्हणजे नुसतं सेल बदलणं कसं झालं ते.

मी त्यांना सगळं क्रमानं सांगितलं, उड्या, थांबणं, अकरा दिवस, चार दिवस, १.५५ व्होल्ट, थरथर. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग घड्याळ टेस्टरवर ठेवलं, लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकला, आणि म्हणाले, "बरोबर बघितलंय तुम्ही सिस्टर. पल्स येतोय. मशीन जित्तं हाय."

डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं, काडीच्या टोकानं एक ठिपक्याएवढी पट्टी दाबून चावी, म्हणजे वेळ लावायचं बाजूचं बटण, ओढून काढली, मशीन बाहेर घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग हसले आणि भिंग माझ्याकडे दिलं. "बघा. तुमच्याच खात्यातलं हाय."

पहिल्यांदा मला फक्त चकाकी दिसली. कॉइलचा तांबडा रंग, जुन्या भांड्यासारखा खोल. मग नजर बसली तसं चुंबकाचं ते चाक दिसलं आणि त्याच्या दात्यांतून बाहेर आलेला एक पांढरा धागा. धागाही नाही, तंतू. एकच. चाकाभोवती अर्धा वेटोळा घातलेला आणि दुसरं टोक शेजारच्या चाकाखाली गेलेलं.

कापूस होता.

मी दिलेला कापूस. मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरींना घसा फोडून सांगते की उघड्या जखमेवर सुटा कापूस ठेवायचा नाही, तंतू सुटतात, चिकटतात, आत राहतात, गॉज, म्हणजे जाळीचं कापड वापरा. आणि उघड्या घड्याळावर मी स्वतः कापूस पुढे केला होता. पहिले अकरा दिवस तो नुसता कुठेतरी पडून असेल, हात हलता हलता सरकत सरकत चाकापाशी आला असेल, काकांनी असंच सांगितलं. मला वाईट वाटलं, आणि त्या स्टॉलवाल्याबद्दलही वाटलं, त्यानं मी सांगितलं म्हणून पुसलं होतं.

काकांनी हिरव्या चिकणमातीसारखा एक गोळा घेतला, त्याला निमुळतं टोक काढलं आणि ते टोक तंतूला नुसतं टेकवलं. तंतू चिकटला आणि गोळ्याबरोबर वर आला, अख्खा. ओढला नाही, उपटला नाही. रबरी ब्लोअरनं दोन फुंकरा. सेल बसवला. काटा पळायला लागला.

मग ते जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही. समोरच्या दुकानात एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होता, घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवत होता, आणि एका जागी आला की तार एकदम उजळून बोलायला लागायची. काकांनी तिकडे मान केली, म्हणाले, "तिथं दोरा घातल्याशिवाय वाजत न्हाई आणि हितं दोरा गेला की बंद." त्यांच्या दुकानात बसून रोज ते हे बघत असणार, एका बाजूला दोरा घालणारा आणि एका बाजूला काढणारा.

झाकण लावायच्या आधी त्यांनी आतली रबरी रिंग बदलली, बोटाच्या टोकावर सिलिकॉन ग्रीस घेऊन ती ओलसर केली. हे स्टॉलवर कुणी करत नाही आणि खरं महत्त्वाचं हेच आहे. आम्ही दिवसातून पन्नास वेळा हात धुतो, ती रिंग सुकली, चेपली की पाणी आत जातं आणि काचेला आतून घाम येतो. झाकणावर ३० मीटर लिहिलेलं असतं ते वाचून लोक घड्याळ घालून पोहतात. ३० मीटर म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील एवढंच समजायचं. आणि घाम आलाच तर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू नका, त्याच दिवशी झाकण उघडून कोरडं करून घ्या, पाणी आत राहिलं की गंज धरतो आणि तिथून पुढे मग काही इलाज नाही.

आणखी काय काय विचारलं मी त्यांना. ते म्हणाले माझ्याकडे बंद म्हणून येणाऱ्या घड्याळांत काहींची तर फक्त चावी बाहेर आलेली असते. चावी ओढली की आतला लिव्हर चाक धरून ठेवतो, ते वेळ लावण्यासाठीच असतं. आमच्या इथे एका शिकाऊ सिस्टरचं असंच झालं होतं, हातमोजा काढताना त्याच्या कडेनं चावी ओढली गेली, पोरगी दोन दिवस बंद घड्याळ घालून फिरत होती. मी नुसतं दाबलं, चालू. काही घड्याळांत, विशेषतः दोन-तीन छोट्या डायलवाल्या, सेल बदलल्यावर सर्किटवर एसी लिहिलेला एक ठिपका असतो, तो सेलच्या धन बाजूशी क्षणभर जोडावा लागतो, त्याशिवाय चिप भानावर येत नाही, आणि हे न केल्यामुळे चांगली घड्याळं गेली म्हणून परत दिली जातात. चुंबकाचंही तसंच, मोबाईलच्या कव्हरचं चुंबक, स्पीकर, यांच्या शेजारी रात्रभर ठेवलं की काटा थांबतो आणि लांब नेलं की बहुतेक वेळा आपला आपण चालू होतो, फक्त वेळ मागे पडलेली असते. एमआरआयच्या खोलीत मात्र न्यायचंच नाही, तिथलं चुंबक आतल्या चुंबकाची ताकदच काढून घेऊ शकतं, आणि घड्याळापेक्षा माणसाला धोका मोठा.

एक गोष्ट मात्र घड्याळाच्या बाहेरची आहे आणि ती लिहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मूल घरात असेल तर एक मिनिटही नाही. मुलं ते तोंडात घालतात, नाकात घालतात. सगळ्यात वाईट रिमोटमधला तो मोठा चपटा २० मिलीमीटरचा लिथियमचा, २०३२ वाला. तो अन्ननलिकेत अडकला की दोन तासांत आत भाजायला सुरुवात करतो, मूल वरून ठीक दिसतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका, सकाळी बघू म्हणू नका, थेट दवाखान्यात या आणि एक्स-रे काढा. घड्याळातला छोटा असतो तरी नियम तोच. मी हे हात जोडून सांगतेय.

काकांनी शेवटी एक केलं. नवीन सेल त्यांनी मला घालू दिला नाही, म्हणाले हाच चांगलाय, पण झाकण लावायच्या आधी त्यावर बारीक मार्करनं महिना आणि वर्ष लिहिलं. म्हणजे पुढच्या वेळी जो उघडेल त्याला कळेल हा किती दिवस चालला. तीन वर्षांऐवजी तीन महिन्यांत संपला तर आतलं काहीतरी जास्त वीज खातंय, चाकं जड झालीत किंवा कुठेतरी ओल धरलीय, हे तो सेलच सांगेल. केसपेपरच की तो. मजुरी दीडशे घेतली, रिंगेसकट. मी जास्त द्यायला गेले तर परत केले.

परवाची गोष्ट. आमच्या ड्यूटी रूममधलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, म्हणजे सेकंद काटा नऊच्या थोडं खाली थरथरत होता. भिंतीवरची घड्याळं दमली की तिथेच दमतात, कारण तिथून काट्याला वर चढायचं असतं. वॉर्डातले मामा स्टूल घेऊन आले, म्हणाले सिस्टर हे गेलं, स्टोअरला नवीन मागू. मी म्हटलं थांबा मामा, काढा खाली. सेल मीटरवर ठीक होता. सेल घालायच्या खणातल्या स्प्रिंगवर पांढरट हिरवा थर चढलेला, आधीचा कुठलातरी सेल गळला असणार. लिंबाचा रस लावला, खसखसून पुसलं, मग स्पिरिट, मग कोरडं. गॉजनं. सेल आत घातल्यावर काटा नऊच्या खालून निघाला, वर चढला, बारा ओलांडून खाली उतरला, मामा आणि मी दोघं बघत उभे होतो. सेलवर मार्करनं तारीख लिहिली आणि तेवढ्यात चार नंबरची घंटी वाजली, त्यामुळे वेळ लावायची राहिली. अजून ते साडेतीन तास मागे आहे, आज नाईटला गेले की लावते.